तळ्याचा मंदगति पंप

पोहण्याचें खासगी तळें ही वस्तु आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं असेल. तथापि ज्यांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत अशीं घरें आतां आपल्या समाजांत विरळ राहिलीं नाहींत. आणि त्यांतून ज्यांची संतति आरिझोना, टेक्सास किंवा कॅलिफोर्निया या उष्ण प्रांतांत आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या परसांत असें एक निळें तळें असतें, हें तेथें चार-सहा महिने राहून आलेल्या आईबापांस ठाऊकच आहे. एका कोपऱ्यांत कुंडींतली तुळस आणि मधोमध तळें, अशी त्या परसाची रचना. तळ्याकडे आपण कौतुकानें पाहतों. परंतु घराच्या आडबाजूस जो एक पंप त्या पाण्याकरितां राबत असतो त्याजकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. आम्हांस सन २०२३ मध्यें त्याजकडे पाहणें भाग पडलें. तें कां, व त्यांतून काय निष्पन्न झालें, हें येथें सांगावयाचें आहे.

आमचे चिरंजीव फिनिक्स शहराच्या लगत चँडलर म्हणून गांव आहे तेथें राहतात. हा सारा मुलूख वाळवंटी. परंतु पाणी खेळविण्याची विद्या तेथें फार जुनी आहे. होहोकाम नांवाच्या प्राचीन लोकांनीं सॉल्ट नदीचें पाणी शेंकडों मैल कालवे खणून शेतांत नेलें होतें. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांचीं तीं गांवें ओस पडलीं. आणि एकोणिसाव्या शतकांत आलेल्या वसाहतवाल्यांनीं त्यांच्याच बुजलेल्या कालव्यांच्या वाटेनें पुनः पाणी वाहविलें. राखेंतून उठणाऱ्या पक्ष्याचें नांव शहरास मिळालें तें यावरूनच. आतां त्या पाण्यांत कोलोरॅडो नदीच्या पाण्याची भर पडली आहे. तें पाणी ट्यूसनपर्यंत ३३६ मैलांच्या कालव्यानें, वाटेंत सुमारें २,९०० फूट चढवून न्यावें लागतें, आणि तें चढविणाऱ्या पंपांस त्या प्रांतांतील इतर कोणाही एका ग्राहकापेक्षां अधिक वीज लागते. म्हणजे तळ्यांत पडण्यापूर्वींच त्या पाण्यानें किती पंपांचे उपकार घेतलेले असतात पाहा! आणि उन्हाळ्यांत रोज पाव इंचाहून अधिक पाणी नुसतें वाफ होऊन जातें तें वेगळेंच.

आम्ही उभयतां एप्रिलांत तेथें पोचलों. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत चिरंजीवांची नोकरी गेली. मोठ्या कारखान्यांत माणसें कमी करावयाचें ठरतें तेव्हां यादी कोठें तरी दूर बसून तयार होते, आणि ज्याचें नांव तींत असेल त्यास सकाळीं संगणक उघडल्यावर तें कळतें. कायमच्या वास्तव्याचा परवाना असल्यामुळें देश सोडण्याची पाळी नव्हती; परंतु घराचें कर्ज होतें, सूनबाईंचें काम अर्ध्या वेळेचें होतें, आणि घरांत दोन वृद्ध पाहुणे. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशींही ते नेहमीच्याच वेळीं उठले, दाढी केली, आणि मग कोठें जावयाचें नाहीं हें आठवून परसांत जाऊन उभे राहिले. आम्हीं तें खिडकींतून पाहिलें.

यानंतर पंधराच दिवसांनीं पंप ओरडूं लागला. बेअरिंग गेलें कीं मोटार कशी किंचाळते हें कृष्णाकांठीं राहिलेल्या मनुष्यास सांगावें लागत नाहीं. आमची हयात ज्या शाळेंत गेली ती किर्लोस्करवाडीपासून फार दूर नव्हे. उसाचे पंप ऐकतच आम्हीं रघुवंश शिकविला. दुरुस्तीस आलेल्या मनुष्यानें पाहून सांगितलें कीं मोटार महिनाभरही टिकणार नाहीं. पंप बंद ठेवावा तर त्या उन्हांत चार दिवसांत पाणी हिरवें होतें, आणि मग तें पुनः निर्मळ करण्यास जो खर्च येतो तो पंपाच्या किंमतीकडे डोळा लावणारा असतो.

पहिला विचार तळेंच बुजवून टाकण्याचा निघाला. तो चिरंजीवांनींच काढला. चौकशी करितां आठ ते दहा हजार डॉलर खर्च सांगण्यांत आला, तेव्हां तो विचार आपोआपच मागें पडला. तलाव फोडणाऱ्यास मनुस्मृतींत देहान्त शासन सांगितलें आहे, असें आम्हीं विनोदानें म्हणून पाहिलें; परंतु तें वचन गांवाच्या तलावाविषयीं आहे, आणि त्या दिवसांत विनोद कोणाच्या पचनीं पडत नव्हता. खरी गोष्ट अशी कीं, नातीचा सारा उन्हाळा त्या पाण्यांत जात असे. बाहेर पारा ४३ अंशांवर असतां मुलानें दुसरें जावें कोठें?

राहिले दोन मार्ग. जुन्याच पंपास तशीच नवी मोटार बसवावी, म्हणजे मजुरीसह सहाशें डॉलरांत काम होतें; किंवा ज्याचा वेग आपल्या इच्छेनुसार कमीजास्त करितां येतो असा नवा पंप घ्यावा, त्यास सतराशें. जुन्यासारखाच संबंध पंप नवा मिळेल काय, असें विचारतां दुकानदारानें मान हलविली. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या ऊर्जाखात्यानें तळ्यांच्या पंपांस कार्यक्षमतेचें जें किमान प्रमाण घालून दिलें, तें १९ जुलै २०२१ पासून तयार होणाऱ्या व आयात होणाऱ्या पंपांस लागू झालें; आणि मध्यम व मोठ्या आकाराचे एकाच वेगाचे पंप त्या प्रमाणांत बसत नाहींत. मोटारीपुरती मात्र तेव्हां ती अडवणूक नव्हती. म्हणजे स्वस्त मार्ग उघडा होता, आणि ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे त्यास तोच दिसणार हें उघड आहे.

आतां या दोन पंपांत भेद काय तो थोडक्यांत सांगितला पाहिजे. साध्या मोटारीचा वेग विजेच्या आवर्तनांशीं जखडलेला असतो. अमेरिकेंत वीज सेकंदास ६० आवर्तनांची, म्हणून दोन ध्रुवांची मोटार मिनिटास सुमारें ३,४५० फेरे घेते. आपल्याकडे ५० आवर्तनें, म्हणून तीच २,९०० च्या आसपास फिरते. यांत आपल्या मर्जीचा प्रश्नच नाहीं. एक तर ती पुऱ्या वेगानें फिरेल नाहीं तर स्वस्थ बसेल. नव्या पंपांत विजेचा प्रथम एकदिश प्रवाह करितात, आणि मग त्यापासून हव्या तितक्या आवर्तनांची वीज पुनः घडवून ती मोटारीस देतात. फिरत्या भागांत कायमचे चुंबक बसविलेले असल्यामुळें विजेचा अपव्ययही कमी होतो. वेग ठरविण्यास वर एक लहानशी पाटी असते, तींत फेरे किती व वॉट किती हे आंकडे दिसतात.

परंतु यांतली खरी मौज घनांत आहे. कमरेइतक्या पाण्यांतून नदी ओलांडणाऱ्यास अनुभव असतो कीं, हळू चालल्यास पाणी वाट देतें आणि घाई केल्यास तेंच पाणी भिंतीसारखें आडवें येतें. नळांतून पाणी ढकलणाऱ्या चक्राचें तसेंच आहे. वेग दुप्पट केला तर पाणी दुप्पट निघतें. पण दाब चौपट होतो, आणि शक्ति आठपट लागते. उलट वेग निम्मा केला तर पाणी निम्में येतें, मात्र शक्ति एक अष्टमांश पुरते. तेवढेंच पाणी फिरविण्यास दुप्पट वेळ लागला तरी खर्च चौथाईवर येतो. भास्कराचार्यांनीं लीलावतींत घन करण्याची रीति सांगितली आहे. ती आम्हीं मुलांस चाळीस वर्षें शिकविली, परंतु घनानें कोणाचा संसार सावरतो असें उदाहरण आम्हांस कधीं घालतां आलें नव्हतें.

तें आतां घातलें. जेवणाच्या मेजावर कागद घेऊन आम्ही व चिरंजीव बसलों. तळ्यांत पाणी १५,००० गॅलन, म्हणजे सुमारें ५७,००० लिटर. दिवसांतून तें सर्व एकदां गाळणींतून निघावें, उन्हाळ्यांत थोडें अधिक, एवढी अपेक्षा. जुना पंप १,९०० वॉट घेई आणि मिनिटास सुमारें २८० लिटर पाणी फेंकी; तो रोज आठ तास चाले. म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक पाणी फिरे, आणि वीज जळे १५.२ युनिट. नवा पंप १,५०० फेऱ्यांवर चालविला तर मिनिटास १२० लिटर देईल. बारा तासांत ८६,४०० लिटर, म्हणजे दीडपट झाली. घनाच्या हिशेबानें या वेगास १५६ वॉट पुरावेत. प्रत्यक्षांत तितकें साधत नाहीं. यंत्रांतील विजेची उपकरणें स्वतःही कांहीं खातात, आणि मंद वेगांत मोटारीची व चक्राची कार्यक्षमता किंचित् उतरते. दुकानदाराच्या कोष्टकांत २१५ होते, ते आम्हीं धरिले. याशिवाय पाण्यावरचा पाचोळा ओढून घेण्यास दोन तास २,८०० फेरे, तेव्हां ११०० वॉट. एकूण रोजचे ४.८ युनिट. वांचले १०.४, युनिटास १३ सेंट दरानें महिन्यास चाळीस डॉलर. दोन्ही मार्गांतलें अंतर अकराशें डॉलरांचें, तें सत्तावीस-अठ्ठावीस महिन्यांत भरून निघतें.

चिरंजीव कागदाकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अण्णा, हिशेब बरोबर आहे. पण सत्तावीस महिन्यांनीं आपण या घरांत असूं कीं नाहीं हें मला आज सांगतां येत नाहीं.” या वाक्यास लीलावतींत उत्तर नाहीं.

आम्हीं नायगाराचा धबधबा पाहण्यासाठीं म्हणून पेन्शनींतून बाराशें डॉलर बाजूस ठेवून आणिले होते. ते पुढें केले. चिरंजीव उठून आंत गेले, आणि दोन दिवस आमच्याशीं नीट बोलले नाहींत. कमावत्या पुरुषास बापाच्या पेन्शनीचा पैसा घेणें किती जड जातें हें आम्हांस न कळण्याजोगें नव्हतें. आम्हींही एके काळीं आमच्या वडिलांस असेंच परत पाठविलें होतें. तिढा सोडविला तो सूनबाईंनीं. त्यांनीं वही काढली, तींत आमच्या नांवें अकराशें डॉलर कर्ज मांडलें, आणि खालीं लिहिलें: दरमहा चाळीस, विजेच्या बचतींतून. व्याज नाहीं. चिरंजीवांनीं त्यावर सही केली. मग आम्हीं सही केली, आणि पंप घेण्याचें ठरलें.

मात्र एक काम त्याच्या आधीं करवून घेतलें. तळ्याच्या तळाशीं एक जाळी असते. तींतून पंप पाणी ओढतो. तिच्यावर अंग किंवा केंस ओढले गेले तर मोठ्या माणसासही सुटणें कठीण जातें. सन २००२ च्या जून महिन्यांत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडांत अशाच ओढीनें अडकून दगावली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईनें पुढें नेटानें खटपट केली, आणि डिसेंबर २००७ मध्यें त्या मुलीच्याच नांवानें कायदा झाला. त्यानें विक्रीस येणाऱ्या जाळ्यांस सुरक्षिततेचें प्रमाण लावलें आणि सार्वजनिक तळ्यांस त्या बसविणें सक्तीचें केलें. घरगुती जुन्या तळ्यांवर तशी सक्ति आली नाहीं. आमची नात त्या उन्हाळ्यांत सातच वर्षांची होती, केंस कमरेपर्यंत, आणि तळ्यांतील जाळी होती सपाट, जुन्या घडणीची, एकच. आम्हीं निक्षून सांगितलें कीं पंप कोणताही घ्या, आधीं जाळी बदला. ती बदलली. नवी जाळी फुगीर असते, आणि ती किती वर्षें वापरावी हें तिजवर कोरलेलें असतें. त्याची नोंद सूनबाईंनीं त्याच वहींत केली. मंद वेगांत ओढ कमी होते हें खरें, पण तेवढ्यावर विसंबूं नये; दिवसांतून दोन तास पंप वेगानें चालतोच. ते दोन तास पहांटेचे ठेविले, आणि त्या वेळांत कोणीं पाण्यांत उतरावयाचें नाहीं, व एरव्हीं वेणी बांधल्यावांचून उतरावयाचें नाहीं, असा नियम झाला.

निवडीच्या वेळीं दुकानदार तीन अश्वशक्तीचा पंप गळ्यांत घालूं पाहत होता. आमच्याकडेही विहिरीस तीनची मोटार पुरत असतां पांचची बसविण्याची हौस असते. हा रोग सार्वत्रिक दिसतो. जमिनींतले नळ दीड इंची असतां तीन अश्वशक्तीचें पाणी त्यांतून जाणार कसें? जोर केल्यास तें नुसतें घर्षणांतच खपतें. निम्म्या ताकदीचा घेतला, आणि त्याचें कांहीं उणें पडलें नाहीं.

नवा पंप जूनच्या अखेरीस सुरू झाला. पहिल्या दिवशीं तो चालू आहे कीं नाहीं हेंच कळेना. आमच्या सौभाग्यवती तीनदां जाऊन त्याच्यावर हात ठेवून आल्या. शेवटीं त्यांनीं एक युक्ति काढली: तळ्यांत फुलाची एक पाकळी टाकावयाची; ती फिरत निघाली म्हणजे पंप जिवंत.

मंदपणाचे कांहीं तोटेही असतात, ते दुकानांत कोणी सांगत नाहीं. चिरंजीवांनीं हौसेनें वेग १,३०० पर्यंत उतरविला, तेव्हां मिठापासून क्लोरिन करणारें जें यंत्र नळांत बसविलेलें असतें त्याचा तांबडा दिवा लागला. या तळ्यांत थोडें मीठ असतें, समुद्राच्या दशांशाहूनही कमी. त्यांतून वीज सोडून क्लोरिन निर्माण करितात. परंतु पुरेसा प्रवाह नसेल तर तें यंत्र आपण होऊन थांबतें, आणि थांबावयासच पाहिजे. म्हणून १,५०० वर परत यावें लागलें. दुसरें, गाळणीवर दाबाचें घड्याळ असतें. गाळणी तुंबली कीं कांटा चढतो. मंद वेगांत दाबच इतका थोडा कीं गाळणी तुंबली तरी कांटा जागचा हालत नाहीं. तेव्हां तो पाहावयाचा तर पहांटे, वेगाच्या वेळीं. हें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें. स्नानसंध्येपूर्वीं एक फेरी होऊं लागली. तिसरें, झांकणाखालचें रबरी कडें जरा वाळलें तरी हवा आंत शिरते, आणि वेगवान् पंप जी हवा फेंकून देई ती मंद पंपांत बुडबुड्यांच्या रूपानें रेंगाळते.

जुलैंत धुळीचें वादळ आलें. क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते, आणि पांच-दहा मिनिटांत दुपारची रात्र होते. वादळ गेल्यावर तळें चहासारखें दिसत होतें. तेव्हां मात्र मंदगति उपयोगाची नाहीं. दीड दिवस पंप चढ्या वेगानें चालविला, गाळणी दोनदां धुतली, तेव्हां तळ दिसूं लागला. त्याच वादळांत विजा फार झाल्या. या पंपाच्या माथ्यावरील उपकरण विजेच्या एका धक्क्यानें निकामी होऊं शकतें, म्हणून विजेच्या पेटींत संरक्षक साधन बसविलेलें होतें तें बरें झालें. उन्हापासून आडोसा म्हणून आम्हीं लांकडी पट्ट्यांचें छप्परही ठोकलें. चोहोंबाजूंनीं हवा खेळती राहील असें.

त्या वर्षीं ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत एकतीस दिवस ओळीनें फिनिक्समध्यें पारा ११० अंश फॅरेनहीट किंवा त्याहून वर चढत राहिला. तेथल्या नोंदींत तेव्हांपर्यंत इतकी सलग झळ कधींच नव्हती. याचा परिणाम असा झाला कीं, जुलैचें विजेचें बिल मागील जुलैपेक्षां कमी होण्याऐवजीं वाढूनच आलें. घर थंड ठेवणाऱ्या यंत्रानें पंपाची सारी बचत गिळून वर ढेंकर दिली होती. चिरंजीवांनीं बिल मेजावर ठेविलें व म्हटलें, “चाळीस डॉलर कोठें आहेत?” नोकरीचीं तीन नकारपत्रें त्याच आठवड्यांत आलीं होतीं, त्यामुळें प्रश्नास धार होती. आम्हीं रोज पहांटे पाटीवरचे वॉट व तास टिपून ठेविले होते. बेरीज केली ती १६२ युनिट भरली, वादळाचे दिवस धरून. जुन्या पंपाचे ४५६ झाले असते. म्हणजे बिल आहे त्याहून अडतीस डॉलर अधिक आलें असतें. चिरंजीवांनीं टिपण दोनदां वाचलें. मग वहींत त्या महिन्याचे चाळीस जमा केले, खिशांतले दोन घालून.

दर संध्याकाळीं कांहीं तास विजेचा दर चढा असतो. तेव्हां पंप बंद राहील अशी वेळ पुढें लावून घेतली. नात तेवढ्यांत पोहून घेई. आम्ही कृष्णेंत पाठीला भोपळा बांधून पोहावयास शिकलों. तिनें तो प्रकार चित्रांतही पाहिलेला नव्हता. एक भोपळा वाळवून दाखवावा असें मनांत होतें, परंतु तेथल्या बाजारांत तसा मिळाला नाहीं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत चिरंजीवांस दुसरी नोकरी लागली, पगार पूर्वींहून कमी, पण लागली. आणि आम्ही ऑक्टोबरच्या आरंभीं परत आलों. हिवाळ्यांत तेथें पाणी गार पडतें, शेवाळ धरत नाहीं, व क्लोरिनचें यंत्रही थंड पाण्यांत आपोआप थांबतें. म्हणून सूनबाई नोव्हेंबरपासून पंपाची वेळ सहा तासांवर आणितात. वहींतला शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२५ मध्यें जमा झाला, वीस डॉलरांचा. त्या रकमेंतून नायगारा पाहावयाचा कीं नातीस पुढच्या उन्हाळ्यांत इकडे कृष्णाकांठीं आणावयाचें, याविषयीं आमच्या घरांत अद्याप दोन पक्ष आहेत, आणि सौभाग्यवतींचा पक्ष दुसरा आहे.